हिशेबाबाहेरचं पाणी

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी एकोणीस वर्षांची राखाडी गाडी, शेजाऱ्यांच्या गाडीला दोर बांधून, गॅरेजात ओढत आणण्यात आली. इंजिन चालू होत होतं. ते चालू करायचं नाही असं ठरलं होतं, कारण मंगळवारी याच गाडीच्या बॉनेटखालून वाफ निघाली होती आणि तापमानाचा काटा लाल पट्टीच्याही पार गेला होता.

गाडीबरोबर दोघं आले. एक गाडीचे मालक, वय चौऱ्याहत्तर, पाणीपुरवठा खात्यात छत्तीस वर्षं मीटर रीडर. दुसरी त्यांची मुलगी, रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये तंत्रज्ञ. गाडीची किल्ली मुलीच्या पर्समध्ये होती. मंगळवारपासून ती तिथंच होती.

मंगळवारी गाडीत मालक आणि त्यांची थोरली बहीण होती. बहिणीला तिच्या घरी सोडायला ते निघाले होते. चढ अर्धा झाला आणि गाडी तापली. कुणाला इजा झाली नाही. रस्त्यावरच्या एका ट्रकवाल्यानं बॉनेट उघडलं, कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, टाकी पाहिली आणि म्हणाला, "आजोबा, यात थेंब नाही."

"रविवारी भरलंय," मालक म्हणाले.

ट्रकवाल्यानं पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या ओतल्या आणि गाडी सावकाश घरी परत आली. मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. वडिलांनी किल्ली दिली. त्याआधी महिनाभरात गॅस एकदा चालू राहिला होता, आणि एकाच दिवशी दोनदा साखर घरी आली होती. मुलीनं सोमवारी सकाळी अकराची डॉक्टरांची वेळ घेतली. स्मरणशक्तीची तपासणी.

वडिलांनी एक अट घातली. गाडीत गळती सापडली तर किल्ली परत. नाही सापडली तर सोमवारी कुरकुर न करता डॉक्टर. मुलीनं मान्य केलं. म्हणजे शनिवारी तपासणी गाडीची होती, पण निकाल दुसऱ्याच कुणाचा लागायचा होता, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

गॅरेजवाल्याला सगळे थांबाशेठ म्हणत. प्रत्येक वाक्याच्या आधी तो "थांबा" म्हणायचा, आणि गिऱ्हाइकांच्या मते मग खरंच थांबायला लावायचा. पत्र्याची शेड, मध्ये उतरायचा खड्डा, भिंतीवर पान्यांच्या आकृत्या रंगवलेल्या, प्रत्येक पाना आपापल्या आकृतीवर. एक आकृती रिकामी होती. तो पाना चार वर्षांपूर्वी कुणीतरी नेला होता आणि थांबाशेठ अजून त्याची वाट पाहत होता.

"काय झालं, काका?"

"पाणी जातंय," वडील म्हणाले.

"पाणी टाकायचं राहिलंय," मुलगी म्हणाली.

"थांबा," थांबाशेठ म्हणाला आणि बॉनेट उघडलं.

कूलंटच्या टाकीला इंजिनकडच्या अंगाला, वाकल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा होता. पूर्ण भरल्याच्या खुणेशी बारीक अक्षरांत पाच रविवारांच्या तारखा. शेवटची तारीख याच रविवारची.

"हे कुणी लिहिलं?"

"मी. दर रविवारी रेषेपर्यंत भरतो आणि तारीख टाकतो."

"तारीख लिहिली म्हणजे पाणी भरलं असं होत नाही, बाबा," मुलगी म्हणाली.

"न बघता आकडा लिहिणारे आमच्या खात्यात होते," वडील म्हणाले. "घरी बसून रीडिंग टाकायचे. मी त्यातला नव्हतो. कुणालाही विचार."

"कुणाला विचारू? सगळे रिटायर झाले."

थांबाशेठनं जमिनीवर पुठ्ठा टाकला, गाडीखाली सरपटत गेला आणि तीन मिनिटांनी तसाच बाहेर आला. खाली कोरडं होतं. रेडिएटर कोरडा, होज पाइप कोरडे, पंपाखाली ओल नाही. घरच्या पार्किंगमध्ये डाग आहे का, असं त्यानं विचारलं. नाही, असं मुलीनं सांगितलं. तिनं रोज वाकून पाहिलं होतं.

"मग काका, कुठंतरी पाणी मुरतंय."

"मुरलं तर ओल दिसते," वडील गंभीरपणे म्हणाले. "पाणी नाहीसं होत नसतं. मीटरच्या अलीकडे नसेल तर पलीकडे असतं."

नऊ चाळीसला थांबाशेठनं टाकीचं झाकण काढून तिथं छोटा हातपंप बसवला. वर घड्याळासारखा मीटर. पंप मारून काटा पंधरावर आणला. कुठून पाणी बाहेर पडत असेल तर काटा उतरेल, एवढंच त्यातलं शास्त्र. तिघं मीटरकडे बघत उभे राहिले. वडिलांनी चष्मा पुसून परत घातला.

दहा वाजता काटा पंधरावर होता. दहा दहालाही पंधरावरच.

मुलीनं पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. वडिलांनी तो आवाज ऐकला.

"काका, चहा?"

"नको. आधी मला सांग, तू हे गाडी गार असताना मोजलंस ना?"

"हो."

"आमच्याकडे गळती शोधायला आम्ही रात्री तीनला जायचो. सगळे नळ बंद, लाइनमध्ये दाब जास्तीत जास्त. दिवसा न दिसणारी फट तेव्हा बोलायची. गाडीला तिचा जास्तीत जास्त दाब कधी येतो?"

थांबाशेठनं पंपाचा हात सोडला. "तापल्यावर."

"मग तापव की."

"थांबा," तो म्हणाला, पण या वेळी स्वतःलाच. त्यानं आधी डिपस्टिक काढून ऑइल पाहिलं. ऑइलमध्ये पाणी मिसळलं की ते दुधाळ होतं. हे काळंच होतं. मग इंजिन थोडा वेळ चालवून टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची काचेची नळी धरली. इंजिनातला धूर पाण्यात शिरत असेल तर निळा रंग पिवळा होतो. तो निळाच राहिला. हीटरमधून पाणी गळत असेल तर गाडीच्या आतला, पायाखालचा मॅट भिजतो; तो चाचपला, तोही कोरडा. हे सगळं तो बोलत बोलत करत होता, आणि मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. तिच्याही कामात आधी काय नाही हे ठरवावं लागायचं.

"हे पिवळं झालं असतं तर?" तिनं विचारलं.

"तर इंजिनचं डोकं उघडावं लागलं असतं, ताई. आणि मग गाडीचं वय काढलं असतं सगळ्यांनी."

"सध्या सगळ्यांचंच काढतायत," वडील म्हणाले.

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. पण ती हसली, हे थांबाशेठनं पाहिलं.

टाकीत चमकणारा रंग टाकून इंजिन पुन्हा चालू करण्यात आलं. अकरा वाजून पाच मिनिटांनी पंखा लागला, बंद झाला, पुन्हा लागला. थांबाशेठनं इंजिन बंद केलं आणि हातपंप पुन्हा बसवला. काटा हळूहळू उतरू लागला. पंधरा, चौदा, तेराच्या जरा वर.

"उतरला," वडील म्हणाले.

"थांबा, काका. गार होताना दाब असाही उतरतो. हा पुरावा नाही."

वडिलांनी मान हलवली. पुरावा नाही हे त्यांना पटलं, आणि ते पटल्याचं त्यांना आवडलं नाही.

थांबाशेठनं शेडचं शटर अर्धं ओढलं, जांभळा दिवा पेटवला आणि लांब दांड्याचा छोटा आरसा इंजिनच्या मागच्या अंगाला घातला. तिथं हात जात नाही. नजरही सरळ जात नाही. आरसा सरकत गेला आणि एका जागी थांबला.

"या इकडे. ताई, तुम्ही पण."

आरशात एक प्लॅस्टिकचा कोपरा, नळाच्या एल्बोसारखा वाकडा जोड, दिसत होता. इंजिनमधून गरम पाणी ज्या तोंडानं बाहेर येतं, त्या तोंडावरचा. त्याच्या खालच्या बाजूला केसाएवढी हिरवी रेघ चमकत होती. रेघेच्या टोकाला थेंब जमत होता. थेंब मोठा झाला, सुटला आणि खालच्या तापलेल्या पत्र्यावर पडला. बारीक चुर्र आवाज झाला. पत्र्यावर पांढरट खरपुडी होती, कळकट नळाच्या तोंडाशी असते तशी.

"जमिनीपर्यंत पोचतच नाही," थांबाशेठ म्हणाला. "गार असताना फट मिटते. तापली की उघडते, पडतं ते एक्झॉस्टवर, तिथंच वाफ. खाली डाग कुठून येणार?"

वडिलांनी आरसा मागून घेतला आणि आणखी चार थेंब पाहिले. प्रत्येक थेंबामध्ये किती वेळ जातो हे ते ओठ हलवून मोजत होते.

"सापडलं," मुलगी म्हणाली. तिनं किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. "घ्या. बोललं ते बोललं."

"गाडी दुरुस्त होऊ दे," वडील म्हणाले. "उघड्या इंजिनची किल्ली घेऊन काय करू?"

किल्ली वर्कबेंचवर, पकडीशेजारी ठेवण्यात आली.

नवा कोपरा पावणेदोनला आला. तो प्लॅस्टिकऐवजी धातूचा होता; या मॉडेलचा प्लॅस्टिकचा आता कुणी ठेवत नाही, असं दुकानदारानं कळवलं होतं. जुना काढताना थांबाशेठच्या हातात त्याचे दोन तुकडे झाले. त्यानं ते वडिलांना दिले आणि त्यांनी खिशात ठेवले. दोन नव्या क्लिपा, नवं रबर, सगळी यंत्रणा धुऊन नवं कूलंट, मग तोंड उघडं ठेवून इंजिन चालू करून अडकलेली हवा बाहेर काढणं. बुडबुडे थांबायला चाळीस मिनिटं लागली. त्यानंतर इंजिन तापवून जांभळा दिवा पुन्हा फिरवण्यात आला. नवा कोपरा कोरडा होता.

चार वाजून वीस मिनिटांनी काम संपलं. काचेवर थांबाशेठच्या काळ्या बोटांचे ठसे उमटले होते. तो सीटवर बसला आणि काच धुण्यासाठी त्यानं वायपरची दांडी ओढली.

काचेवर हिरवं पाणी उडालं.

वायपर दोनदा फिरले. काच स्वच्छ होण्याऐवजी तिच्यावर तेलकट, हिरवट पट्टे उमटले. थांबाशेठ खाली उतरला, बॉनेट पुन्हा उघडलं आणि कूलंटच्या टाकीशेजारच्या टाकीचं झाकण काढलं. वायपरच्या पाण्याची टाकी. ती जवळजवळ काठोकाठ भरली होती, आणि आत साधं पाणी नव्हतं, हिरवं कूलंट होतं.

"थांबा," तो म्हणाला. कुणी हललंही नव्हतं.

दोन्ही टाक्यांची झाकणं काळी होती, एकाच आकाराची. वायपरच्या टाकीचं मूळ झाकण निळं होतं. ते दोन वर्षांपूर्वी फुटलं, आणि भंगारातल्या दुसऱ्या गाडीचं काळं झाकण बसवण्यात आलं.

"कुणी बसवलं?" मुलीनं विचारलं.

"मीच," थांबाशेठ म्हणाला. "तात्पुरतं."

वडील वाकले. त्यांनी वायपरच्या टाकीत बोट बुडवलं, वास घेतला, बोट रुमालाला पुसलं. मग त्यांना जे विचारायचं होतं ते त्यांनी विचारलं. "ही माप असलेल्या भांड्यात उपसता येईल?"

अडीच लिटर निघालं.

"घरी कूलंटच्या कॅनमध्ये एक लिटर उरलंय," वडील म्हणाले. "काल पाहिलं. कॅन पाच लिटरचा, दीड महिन्यापूर्वी आणलेला. म्हणजे चार गेलं. अडीच इथं. दीड त्या फटीतून." त्यांनी खिशावर हात ठेवला, आत कोपऱ्याचे तुकडे होते. "आमच्याकडे याला हिशेबाबाहेरचं पाणी म्हणतात. सोडलं किती माहीत, मीटरवर आलं किती माहीत, मधलं कुठं गेलं ते शोधायचं. इथं पाण्याचा हिशेब लागला. हात कुणाचा, तो लागत नाही."

"काका, रविवारी तुम्ही याच टाकीत भरलंत ना?" थांबाशेठनं कूलंटच्या टाकीवर बोट ठेवलं.

"चिकटपट्टी याच टाकीला आहे. वाकून, बघून तारीख टाकतो."

थांबाशेठनं बेंचवरून उजेड पाडायची बॅटरी आणली. मग कोपऱ्यात पडलेली, अशाच जुन्या गाडीची रिकामी कूलंटची टाकी उचलली आणि वडिलांपुढे धरली. "यात पातळी कुठंय, सांगा."

वडिलांनी चष्मा सारखा केला. "इथं." बोट वरच्या खुणेवर होतं.

थांबाशेठनं टाकी उलटी केली. काही पडलं नाही. वर्षानुवर्षं ज्या पातळीला कूलंट राहिलं होतं, तिथवर प्लॅस्टिक पिवळं पडलं होतं. रिकामी टाकी भरलेली दिसत होती. त्यानं मागून बॅटरी मारली तेव्हा कुठं आतला रिकामेपणा कळला.

वडिलांनी टाकी हातात घेतली, उजेडाकडे धरली, खाली ठेवली. "म्हणजे मी बघून लिहिलं तरी चुकीचं असू शकतं."

"असू शकतं. किंवा रविवारी तुम्ही बरोबर भरलं असेल आणि मंगळवारी चढावर फट एकदम वाढली असेल. तसंही होतं."

"होतं?"

"होतं. नाहीही होत."

एवढा वेळ मुलगी टायरांच्या चळतीवर बसली होती. ती म्हणाली, "मी पण टाकलंय."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"तीन आठवडे झाले. गुरुवारी. बाबा, तुम्ही फोन केला होता, आत्याला आणायला जायचंय, गाडीत पाणी टाकून ठेव. मी कॅन घेतला. जड होता."

"मग कुठल्या टाकीत टाकलंस?"

"पाण्याच्या."

"अगं, पाण्याच्या दोन आहेत."

"ते आज कळतंय. घरात सगळ्यालाच पाणी म्हणता तुम्ही. बॅटरीचं पाणी, वायपरचं पाणी, इंजिनचं पाणी. झाकण काळं होतं. भरेपर्यंत ओतलं."

"झाकणावर चित्र असतं," थांबाशेठ म्हणाला. "कारंज्याचं असेल तर वायपर. थर्मामीटरचं असेल तर कूलंट."

मुलीनं डोळे मिटले. लॅबमध्ये ती प्रत्येक नळीवर दोनदा नाव तपासते; गेल्या अकरा वर्षांत तिच्या हातून एकही नमुना बदलला गेलेला नाही. तिला कॅनचं वजन आठवत होतं, त्या दिवशीच्या चपला आठवत होत्या, मध्येच आलेला फोनही आठवत होता. चित्र आठवत नव्हतं.

"आठवत नाही," ती म्हणाली.

वडील यावर काही बोलू शकले असते. चार दिवस त्यांना जे ऐकवलं गेलं होतं ते परत करायची ही वेळ होती. त्यांनी विचारलं ते एवढंच: "काच तेलकट कधीपासून होतेय? तुझ्या गुरुवारनंतर लगेच झाली असेल तर हात तुझा. या रविवारनंतर झाली असेल तर माझा."

हा प्रश्न चांगला होता, असं थांबाशेठनं मान्य केलं. गाडी चालवणाऱ्याला काच आठवत नव्हती. पण शेजारच्या सीटवर बसणारं माणूस होतं. पाच वाजता मुलीनं आत्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अक्का," वडील म्हणाले, "गाडीत बसतेस तेव्हा पुढची काच कशी असते?"

"सापडलं का पाणी?"

"सापडलं. तू काचेचं सांग. तेलकट असते का?"

"असते की. मंगळवारी मी म्हटलं नाही तुला, पुढचं काही दिसत नाहीये म्हणून? तू म्हणालास, तुला काय करायचंय, तुला कुठं चालवायचीय."

"मंगळवारचं राहू दे. त्याच्या आधी? पंधरा दिवसांपूर्वी आलीस तेव्हा?"

"तेव्हाही."

मुलीनं मान खाली घातली. वडिलांनी फोन जवळ घेतला. "नक्की? त्याच्याही आधी, दोन महिन्यांपूर्वी?"

"तेव्हाही होती," आत्या म्हणाली. "अरे धाकट्या, माझ्या एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालंय. मला सगळ्यांच्याच गाडीची काच तेलकट दिसते. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्याचं पावसाळ्यानंतर करू."

थांबाशेठ वळला आणि भिंतीवरच्या रिकाम्या आकृतीकडे बघत राहिला. त्याचे खांदे हलत होते. आधी मुलगी हसली, मग वडील, आणि शेवटी फोनवरून आत्यानं विचारलं की यात हसण्यासारखं काय आहे.

साडेपाचला बारा किलोमीटरची चाचणी झाली. चढ त्यात होता. थांबाशेठनं गाडी चालवली, वडील शेजारी बसले, मुलगी मागे. काटा मधोमध राहिला. परत आल्यावर थांबाशेठनं वायपरची टाकी धुतली, साधं पाणी भरलं आणि तिच्यासाठी निळं झाकण शोधलं. मिळालं नाही. वडिलांनी काळ्या झाकणावर चिकटपट्टी लावली आणि लिहिलं, "काच". दुसऱ्यावर लिहिलं, "इंजिन". "पाणी" हा शब्द त्यांनी कुठंच लिहिला नाही.

निघताना मुलीनं बेंचवरची किल्ली उचलून पुन्हा त्यांच्यापुढे धरली.

"गळती सापडली. ठरलं तसं."

"गळती सापडली," वडील म्हणाले. "अडीच लिटर कुणाच्या हातचं, ते राहिलं. ते माझं असेल तर किल्ली तुझ्याकडे बरी. तुझं असेल तर," ते थांबले, "तर तुझ्याकडेही नको."

"मग कुणाकडे?"

"सोमवारची वेळ किती वाजताची?"

"अकरा."

"एका वेळेत दोघांना बघतात का, विचार."

मुलीला वाटलं ते टोमणा मारतायत. चेहऱ्यावरून तसं दिसत नव्हतं. तिनं तिथूनच फोन लावला. रिसेप्शनवरच्या बाईंनी दुसऱ्या रुग्णाची तक्रार काय, असं विचारलं. मुलगी म्हणाली, "चित्र आठवत नाही." बाईंनी तेच लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी गाडी घरापर्यंत थांबाशेठनं नेली आणि तो बसनं परत गेला.

सोमवारी सकाळी सात वाजता, इंजिन गार असताना, वडिलांनी टाकीमागे बॅटरी धरून पातळी पाहिली. ती रेषेवर होती. मुलीनंही बॅटरी धरून पाहिली. तारखेपुढे दोघांनी सही केली. गाडीखाली टाकून ठेवलेला पुठ्ठा कोरडा होता. दवाखान्याच्या वहीत अकराच्या वेळेपुढे दोन नावं आहेत. किल्ली स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेली आहे. दवाखाना सात किलोमीटरवर आहे. गाडी कोण चालवणार, हे साडेदहापर्यंत ठरलेलं नव्हतं.